अंगणाकडची खिडकी

मी खिडकी बोलतेय. परळीत स्टेशनच्या पलीकडे एक गल्ली आहे, तिथल्या उत्तरेश्वरकाकांच्या घराच्या मागच्या खोलीला मी बसवलेली आहे. खिडकी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वारा येईल, उजेड येईल. माझ्याबाबतीत तसलं काही मनात आणू नका. मी बंद आहे. कडी लावलेली असती तर कुणी कधीतरी काढली असती. मला खिळे ठोकलेत.

मी मूळची कडुनिंबाची. चकलांब्याच्या एका बांधावर माझं झाड होतं. ते वाऱ्यानं पडलं आणि धुळाजी सुतारानं त्याच्या फळ्या काढल्या. रंधा मारताना तो म्हणाला होता, "कडुनिंबाला वाळवी शिवत न्हाई. हिला मरण न्हाई बघा." तेव्हा मला ते कौतुक वाटलं. दोन झडपा, प्रत्येक झडपेत वरच्या अंगाला एकेक काच. काच असल्यामुळे मला आतलं दिसतं आणि बाहेरचंही दिसतं. आतल्या बाजूला ओटा आहे, बाहेर अंगण, नळ आणि तुळस.

सुरुवातीला या खोलीत काकांचा मुलगा प्रविण राहायचा. अभ्यास कमी आणि मोबाईल जास्त, पण मी दिवसभर सताड उघडी असायची. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली. खोली रिकामी राहिली. काकांनी ती भाड्यानं द्यायची ठरवली आणि एका सकाळी पंचशीला आली.

सडपातळ, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला जडशी पिशवी. सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर ती नव्यानं रुजू झाली होती. काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई नळावर भांडी विसळत होत्या.

"आडनाव काय म्हणलीस?" काकांनी विचारलं.

"गायकवाड."

"गायकवाड म्हंजी कुठले?"

"गेवराईकडचे," पंचशीला म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की विचारणं वेगळंच आहे. चष्मा सारखा करून ती म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत, काका."

नळाचं पाणी तेवढं वाजत राहिलं. चंद्रभागाबाईंनी नळ बंद केला.

"आमाला तसलं काई न्हाई बरं का," काका हसून म्हणाले. "जमाना बदललाय. फकस्त एक हाय, आमी दोगंबी माळकरी. खोलीत मांस-मच्छी चालनार न्हाई. अंडंसुदिक न्हाई."

"न्हाई करणार," पंचशीला म्हणाली.

ती सामान आणायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती यायच्या आधी, काका हातोडी घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी माझ्या दोन्ही झडपा लावल्या आणि चौकटीत खिळे ठोकले. मला वाटलं, काहीतरी दुरुस्ती असेल. पंचशीला आली, तिनं मला ढकलून पाहिलं आणि विचारलं, "काका, ही खिडकी उघडत नाही का?"

"वीज केंद्राच्या कोळशाची राख लई येते बाई तिकडून," काका म्हणाले. "बंदच बरी."

राख येते हे खोटं नव्हतं. पण ती प्रविणच्या वेळेसही येत होती.

खोलीचं दार मागच्या बोळात उघडायचं. ओटा माझ्याजवळ, दार पार त्या टोकाला. फोडणी दिली की धूर फिरून फिरून माझ्याकडेच यायचा आणि काचेवर डोकं आपटून खाली बसायचा. पंचशीला भाकरी थापता थापता मधेच उठून दारात जायची, दोन श्वास घ्यायची, पुन्हा तव्याशी यायची. उन्हाळ्यात तिच्या पाठीवर ड्रेस चिकटलेला असायचा. माझ्या आतल्या अंगाला वाफ, बाहेरच्या अंगाला राख. मी फुगले, पिळवटले, चौकटीत आणखीच घट्ट रुतून बसले. कुणी खिळे काढले असते तरी मी सहज हलले असते की नाही, कोण जाणे.

दिलेला शब्द तिनं पाळला. खोलीत कधी अंड्याचं टरफलही दिसलं नाही. पण माणसाच्या जिभेला आठवणी असतात. रविवार आला की ती उदास व्हायची. फोन ओट्यावर उभा करून गेवराईच्या बाजूला राहणाऱ्या आईशी बोलायची. तिची आई केशरबाई.

"माय, तुझ्या हातचा रस्सा खावा वाटायलाय."

"मग ये की गावाला."

"सुट्टी नाही. इथं भाजीवाल्याकडं मशरूम मिळतात. पांढरे, डबीतले. ते आणलेत. त्याचं काय करू?"

केशरबाईंनी मशरूम कधी शिजवले नव्हते. थोडा वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "मटनावानी कर. कांदा-खोबरं चांगलं काळं भाज. मटन न्हाई तर न्हाई, मसाला तर आपला हाय ना!"

त्या दिवशीचा स्वयंपाक मी जवळून पाहिला. तिनं मशरूम ओल्या फडक्यानं पुसले, एकेकाचे चार तुकडे केले. सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून गॅसवर फिरवली, ती पेटली तशी फुंकून विझवली. कांदा जाळावर अख्खा भाजला. थोडे तीळ, लसूण, आलं आणि आईनं बांधून दिलेला काळा मसाला. तेलात वाटण पडलं तेव्हा खोली भरून गेली. मशरूमनी आधी आपलं पाणी सोडलं, मग ते पाणी पुन्हा पिऊन टाकलं आणि ते मऊसूत झाले. तर्री वर आली. तिनं भाकरी कुस्करून त्यावर रस्सा ओतला, पहिला घास घेतला आणि एकटीच हसली.

मग तिला नादच लागला. कधी मेथीत मशरूम घालायची, कधी पिठल्यात, कधी घाई असली तर नुसतं मीठ-मिरी लावून तव्यावर. सगळ्यात खमंग वास मात्र रस्स्याचा, आणि तो माझ्या फटीतून अंगणात जायचा. खिळ्यांना तो काही अडवता आला नाही.

एक दिवस चंद्रभागाबाई बोळातून दारात आल्या. "काय शिजवायलीस गं?" त्यांनी पदर नाकाला लावलेला होता.

"मशरूम आहे, मावशी. या, बघा." पंचशीलानं उरलेली डबी उघडून दाखवली, मग कढईवरचं झाकणही काढलं.

"अगं माय! ह्या तर कुत्र्याच्या छत्र्या. आन् ह्या खायच्या?"

"त्या वेगळ्या, मावशी. या शेडमधे पिकवतात. भाजीच आहे. चव बघता?"

"नगं बाई," म्हणत चंद्रभागाबाईंनी हात मागे घेतला, पण हसल्या. पदर खाली करून म्हणाल्या, "वास मात्र लई भारी सुटलाय." त्यानंतर त्या अधूनमधून येऊ लागल्या. दारातच बसायच्या, उंबऱ्याच्या आत नाही. बसल्या बसल्या गुडघ्यांच्या तक्रारी सांगायच्या, प्रविण फोन करत नाही म्हणायच्या. पंचशीला भाजी चिरता चिरता ऐकायची. घरभर वावरणारी बाई, पण मन मोकळं करायला तिला या खोलीच्या उंबऱ्याशी यावं लागत होतं. मला वाटायचं, माझ्यासारख्याच त्याही कुठंतरी ठोकलेल्या आहेत.

आता त्या एकादशीचं सांगते.

केशरबाई लेकीकडे आल्या होत्या. पंचशीलाला सुट्टी होती. तिनं मोठ्या हौसेनं आईसाठी मशरूमचा रस्सा टाकला. "बघ तर माय, तुझ्यासारखा जमलाय का." बाहेर अंगणात उत्तरेश्वरकाका आणि त्यांच्या भजनी मंडळातले सुंदरराव भगर खाऊन बसले होते. वाटण तेलात पडलं. वास गेला.

सुंदररावांनी नाक वर केलं. "उत्तरेश्वरराव, हे काय? एकादशीला तुमच्या घरात मटण?"

"मशरूम का काय करती म्हनं ती," काका चाचरत म्हणाले.

"नाव काई बी सांगतेत ओ. वास काय खोटा बोलतो का? गळ्यात माळ हाय तुमच्या."

काकांचा चेहरा बदलला. ते उठले आणि सरळ माझ्यापाशी आले. त्यांनी काचेवर बोटं वाजवली. माझ्यावर राख साचली होती, तिच्यातून आतलं दिसेना. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं काच पुसली. खिळे ठोकल्यापासून माझी काच त्यांनी कधी पुसली नव्हती.

"पंचशीला, काय हाय त्याच्यात?"

"मशरूम, काका."

"भांडं वर धर. काचंतून दिसू दे सगळ्याला."

माझ्या आत दोघी उभ्या होत्या. केशरबाईंनी सारी उमर ऊसतोडीच्या टोळीत काढलेली. कुणी दरडावलं की हात आपोआप पुढं करायची त्यांना सवय. त्यांनी फडक्यानं कढईचे कान धरले. "दाखव की बाई, आपलं काय जातंय? भाजीच तर हाय."

"ठेव खाली, माय," पंचशीला म्हणाली.

"अगं पण खोली जाईल."

"ठेव."

केशरबाईंनी कढई ठेवली. पंचशीलानं तिच्यावर झाकण घातलं आणि माझ्या जवळ आली. तिचा श्वास माझ्या काचेवर उमटत होता. आवाज चढलेला नव्हता, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेला.

"काका, बोळातून या. दार वाजवा. आत बसा, मी ताटात वाढते. आज उपास असेल तर उद्या या. सुंदररावांनाही आणा. पण काचेतून भांडं दाखवणार नाही मी. आज भांडं दाखवलं तर उद्या पिशवी उघडून दाखवावी लागेल."

"म्हंजी काहीतरी हाय," सुंदरराव म्हणाले.

तेव्हा मी चंद्रभागाबाईंकडे पाहिलं. त्या तुळशीजवळ उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. त्यांना माहीत होतं. डबी त्यांनी पाहिली होती, झाकण काढलेली कढई पाहिली होती, वासाचं कौतुकही केलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पंचशीलाही त्यांच्याकडेच पाहत होती. एका काचेच्या अलीकडे आणि पलीकडे दोन बायका, आणि मधे मी. मला वाटलं, आता बोलतील. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, सुंदररावांकडे पाहिलं आणि तांब्या तुळशीत रिकामा करून त्या घरात गेल्या.

"महिना भरला की खोली खाली कर," काका म्हणाले.

पंचशीला मागे वळली. तिनं दोन ताटं घेतली, भाकरी मोडली, रस्सा वाढला.

"जेव, माय."

केशरबाईंनी ताट बाजूला सरकवलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "दाखवलं असतं तर मिटलं असतं गं."

"न्हाई मिटलं असतं," पंचशीला म्हणाली. "तू जेव. कसा झालाय सांग."

केशरबाईंनी एक घास खाल्ला. बराच वेळ चावला. "मीठ जरा कमी हाय," त्या म्हणाल्या. "बाकी माझ्यासारखाच हाय." दोघींनी ती सगळी कढई पुसून खाल्ली. मी घर सोडून जाणारी माणसं पाहिली आहेत, पण पोटभर जेवून जायची तयारी करणारी पहिल्यांदा पाहिली.

महिना भरायची वाट तिनं पाहिली नाही. स्टेशनजवळ दुसरी खोली मिळाली तशी निघाली. रिक्षात सामान चढत असताना चंद्रभागाबाई दाराशी आल्या. पहिल्यांदाच त्या उंबरा ओलांडून आत आल्या. खोली रिकामी होती.

"मी बोलाया पायजे व्हतं," त्या खाली बघत म्हणाल्या.

पंचशीलानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हो, मावशी," ती म्हणाली. "पाहिजे होतं." असू द्या म्हणाली नाही, रागावलीही नाही. पिशवी उचलली आणि गेली.

आता खोलीत आदिनाथ राहतो. एका कारखान्यात कामाला आहे. त्यालाही काकांनी आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं, गाव सांगितलं, मामा कुणाचे तेही सांगितलं. "मग तर आपलेच निघाले की!" काका म्हणाले. मांस-मच्छीची अट त्याला सांगायची राहूनच गेली.

आदिनाथ स्वयंपाकाला आळशी आहे. सुट्टीच्या दिवशी तेवढी अंडी उकडतो, कधी दोस्त आले की मटण शिजवतो. काल दुपारी त्यानं कुकर लावला होता. वास माझ्या फटींतून अंगणात गेला. काका पेपर वाचत होते, चंद्रभागाबाई तांदूळ निवडत होत्या.

"वास येतोय," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"कशाचा?"

"मटनाचा. खऱ्या मटनाचा."

काकांनी पेपरचं पान उलटलं. "पोरगं हाय. एकटं ऱ्हातंय. खाईल की कधीमधी."

चंद्रभागाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मग ती काय व्हती?"

काकांनी पेपरची घडी घातली. चंद्रभागाबाई वाट पाहत बसल्या. आत कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. काका उठले, चपला पायात सरकवल्या आणि कोपऱ्यावर जाऊन येतो म्हणाले.

मी लाकडाची आहे. वाळवी मला शिवत नाही, म्हणजे अजून बरीच वर्षं मला हेच पाहायचंय. तुम्हाला एवढंच सांगायचंय मला, जाता जाता. तुमच्या घरातही भाड्याची खोली असेल, तिला माझ्यासारखी एखादी खिडकी असेल. आत कोण काय शिजवतंय हे हुंगत बसण्यापेक्षा, चुलीशी उभ्या असलेल्या बाईला वारा लागतोय का, एवढं एकदा आत जाऊन बघा. दार वाजवून जा.