लाल दोऱ्याची बाहुली

बस गाडीवाल्या, खेचरं पाणी पिईस्तोवर टेक जरा. एक गोष्ट सांगतो. ऐकून मला शिव्या घाल हवं तर, पण मधेच उठू नको.

मी पेटो. तीस वर्षं या व्हीनसच्या देवळात झाडलोट केली. दाराशी नेविया बसायची, हार विकायला. जिभेची तिखट. "पेटोभाऊ, देवीपेक्षा तूच जास्त खातोस," म्हणायची, नि वर मधाची पोळी हातावर ठेवायची.

तिची लेक तेर्तुला. लग्न ठरलं पोरीचं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी पोरगी आपली बाहुली व्हीनसला देते. खेळणं संपलं, संसार लागला. तेर्तुलानंही आणली. हाडाची, एक हात मोडका, लाल दोऱ्यानं बांधलेला. फळीवर ठेवली नि म्हणते कशी, "काका, वाऱ्याला नका ठेवू, गारठेल ती."

घरी गेली ती तापानं फणफणली. उजाडता पोर संपली.

दुपारी नेविया आली. हातात हार नव्हते.

"भाऊ, बाहुली दे."

"वहिनी, दिलेलं परत नाही मिळत. देवीचं झालं ते."

"बिनलग्नाची पोर मेली, तर बाहुली घेऊन मातीत जाते. माझी कशी जाईल? ना धड नवरी, ना धड पोर."

"पुजारी हाकलतील मला."

"तिरडीपण तुझ्या देवीच्याच राईतनं, तिथल्या मयताच्या सामानाच्या दुकानातनं आणली मी. बाहुली तिला, तिरडीही तिचीच. किती खाते रे ही बाई?"

मी खाली मान घालून झाडत राहिलो. जागा झाडून लख्ख होती, तरी झाडत राहिलो.

"प्रेमाची देवी म्हणे," ती म्हणाली नि गेली. पोर रिकाम्या हातानं मातीत गेली.

आता खरं सांगतो. दर वसंतात देवीला न्हाऊ घालतात, त्याआधी फळ्या रिकाम्या करतात. बाहुल्या जातात मागच्या खड्ड्यात. टाकणारा मीच, फावड्यानं. न्हाण वीस दिवसांवर आलं होतं. त्या दुपारी हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.

वीस दिवसांनी ती बाहुली फावड्यात आली. उचलली नि कमरेला खोचली. देवीनं काही केलं नाही मला.

नेविया पुढं नऊ वर्षं समोर बसली. मला एक शब्द नाही. एक शिवी दिली असती, तर तेवढ्यावर बाहुली काढून दिली असती मी. गेल्या थंडीत तीही गेली.

तू सालारिया रस्त्यानंच जाणार ना? तिसऱ्या मैलाच्या दगडापुढं दोघी शेजारी आहेत. नाव नाही, थडग्यावर हार कोरलाय. माझे गुडघे गेलेत, असं मी लोकांना सांगतो.

ही घे. दोरा तोच आहे. तेवढी ठेव तिथं, बाबा. आणि वाऱ्याला ठेवू नको.