लोणच्याच्या बदल्यात आलेली बाई

शामकांत चीफ इंजिनिअर म्हणून जहाजावरून निवृत्त झाले, पण त्यांच्या थापा काही निवृत्त झाल्या नाहीत. बिस्केच्या उपसागरात लाटेबरोबर उडालेला मासा थेट कढईत पडला, तोही खवलं काढून, असं ते सिंगापूरला, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये येईल त्याला सांगत. जयवंतीबाई चहा ठेवता ठेवता फक्त "हो ना," म्हणत.

एकाच गोष्टीला मात्र त्या "हो ना" म्हणत नसत. लग्नानंतरच्या पहिल्या सफरीला त्यांनी नवऱ्याला लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली होती. हाताने घातलेलं पहिलंच लोणचं. नवरा परतला तो बरणीशिवाय, खिशात तांब्याचं एक जाडजूड नाणं घेऊन.

"बाल्टिमोरच्या धक्क्यावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने दिलं. तुझं लोणचं चाटलं आणि ढसाढसा रडला गं!"

"कडू झालं म्हणून समुद्रात टाकलंत. आणि हे खोटं नाणं रस्त्यावरून उचललंत."

अडतीस वर्षं हा खटला चालू होता. नाण्यावर मोकळ्या केसांची एक बाई होती. नाणं खोटं असलं तरी बाई देवीसारखी दिसते, म्हणून जयवंतीबाईंनी ती देव्हाऱ्यात बसवली.

अखेर शामकांतांनी शेजारच्या प्रबोधला बोलावलं. तो रॅफल्स प्लेसच्या बँकेत कामाला होता, पण जीव सगळा जुन्या नाण्यांत. नाणं खरं निघालं, तर लोणचंही खरं ठरणार होतं. त्या काळी नुसत्या फोर्थ इंजिनिअर असलेल्या शामकांतांना असलं नाणं विकत घेणं कुठलं परवडायला!

रविवारी सकाळी प्रबोधने नाणं कडेला धरून उचललं, वजन केलं, दिव्याखाली तिरकं फिरवलं. सालाचे आकडे पार झिजले होते. मग त्याने नाणं उलटलं आणि भिंगातून मोजायला लागला.

"पंधरा कड्यांची साखळी! काका, अशी साखळी फक्त १७९३ च्या अमेरिकन सेंटवर, आणि तीही जेमतेम काही आठवडे. लोकांना आवडलीच नाही. कडेवरची वेलही बरोबर आहे. खरं आहे हो!"

शामकांतांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू ते नाणं त्यांनी स्वतःच पाडलं होतं.

"पण," प्रबोध म्हणाला, "जुनं तांबं चॉकलेटी हवं. हे गुलाबी झालंय. कुणीतरी वर्षानुवर्षं घासलंय. नाणी तपासणाऱ्या संस्था दर्जाचा आकडा देतात ना, सत्तरपैकी, तो याला मिळणार नाही. 'खरं, पण घासलेलं' एवढाच शेरा. आणि नाण्यावरच्या बाईच्या केसांत हे लाल काय?"

जयवंतीबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. दर शुक्रवारी चिंच लावून घासायचं, मग कुंकू. एकही शुक्रवार चुकला नव्हता.

"ते होय?" शामकांत ताडकन म्हणाले. "माझाच गाढवपणा! इंजिन रूममध्ये पॉलिश लावून घासत बसायचो. वेळ जाईना ना! आणि लाल तो जहाजाचा रंग."

प्रबोधने बोटाच्या टोकाला लागलेली लाल पूड पाहिली, मग देव्हाऱ्यातल्या लखलखत्या ताम्हनाकडे पाहिलं. "जहाजाचाच असणार, काका," तो म्हणाला आणि त्याने भिंग खिशात ठेवलं.

तो गेल्यावर जयवंतीबाईंनी कपबशा उचलल्या. मग नाणं हलकेच पुन्हा देव्हाऱ्यात ठेवून म्हणाल्या, "थापाड्या माणसाशी संसार केला मी. चिंचेला पॉलिश म्हणे!"

"सवय आहे."

"बरणी खरंच दिलीत त्याला?"

"अर्धी. अर्धी मी आधीच संपवली होती."

"मग कडू नव्हतं?"

शामकांतांनी खिडकीबाहेर पाहिलं, टाळू खाजवली. खोटं बोलायला आता काही कारणच उरलं नव्हतं.

"होतं गं. म्हातारा त्यानेच तर रडला."