पेन्सिलीतले पान

आष्टीच्या त्या गल्लीत ऊन कधी घाईने येत नाही. आधी ते समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पत्र्यावर उतरते आणि तिथे थोडा वेळ नुसतेच बसून राहते. मग वाळत टाकलेल्या रिकाम्या पोत्यांवरून रस्त्यावर येते, रस्ता ओलांडते आणि समुपदेशन केंद्राच्या पहिल्या पायरीशी थबकते. पायऱ्या तीनच, पण तिसरी चढायला त्याला पाऊण तास लागतो. उंबऱ्याच्या आत आले की फरशीवरच्या भेगा उजळत सरकते, टेबलाच्या एका पायाला लागते, त्यावरून वर चढते आणि साडेआठच्या सुमाराला काचेच्या बरणीत शिरते. बरणीत आखूड झालेल्या पेन्सिली असतात, काहींच्या मागच्या टोकाला दातांच्या खुणा. तिथून ते खुर्चीवर जाते. अकरा वर्षे ते खुर्चीवर पोहोचायचे तेव्हा तिथे सत्यशीलाताई बसलेल्या असत. आज, त्या गेल्याच्या तेराव्या दिवशीही, ते नेहमीच्याच वेळेला पोहोचले आणि रिकाम्या खुर्चीवर पडून राहिले.

अभिमन्यू पायरीवर बसून हे पाहत होता. आत जाण्याचे धाडस त्याला होत नव्हते.

ताईंच्या कामाची एक रीत होती. नवऱ्याने टाकलेली बाई येवो की जीव द्यायला निघालेला कोणी येवो, त्याचे म्हणणे त्या एका कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून घेत. पहिल्यांदा माणूस भीतीपोटी बोलतो, त्याला खोडायची सोय पाहिजे, असे त्या म्हणत. महिन्याने, वर्षाने, केव्हातरी तो पुन्हा येई आणि खरे काय ते सांगे. तेव्हा ताई पेन त्याच्याच हातात देत. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे स्वतः शाईने लिहीत आणि वाचून दाखवत. घाई त्यांनी कोणाचीच केली नाही. आपल्यामागे ही पाने ज्याची त्याला परत द्यावीत, एवढे त्या सांगून गेल्या होत्या. केंद्र उघडणारी, झाडणारी, आल्यागेल्याला चहा देणारी छबुबाई सकाळपासून तेच करत होती. बायका येत, पान कपाळाला लावत, पदराआड धरून निघून जात.

अभिमन्यूचे पान सात वर्षांपूर्वीचे होते. दिवाळी नुकतीच झाली होती. आईवडील ऊस तोडायला निघालेले. धाकट्या बहिणीला, दीपमालेला, सहा महिने गावात एकटीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे, म्हणून निघण्याआधी तिचे लग्न उरकायचे ठरले. मुकादमालाही तोडणीला नवराबायकोची जोडीच हवी होती. लग्नाच्या सकाळी ते थांबवायला ताई जीप घेऊन दारात आल्या. शाळेला सुट्टी, दप्तर कुलपात, वयाचा दाखला मिळायची सोय नव्हती. मुलीचे वय त्यांनी विचारले तेव्हा वडिलांनी, आश्रुबांनी, मान खाली घातली आणि म्हणाले, "ह्यो शिकलेला हाय, ह्यालाच इचारा."

ताईंनी त्याच्याकडे पाहिले. शिकलेल्या मुलाचा शब्द खरा मानायचा, म्हणून त्या थांबल्या होत्या. तो म्हणाला, अठरा. त्यांनी पेन्सिलीने लिहिले आणि गाडी परत वळवली.

पुढच्याच वर्षी झोप उडाली म्हणून तो स्वतःहून केंद्रावर आला, आणि मग येतच राहिला. ताईंनी त्याला सावरले, परीक्षेला बसवले, लोकांशी बोलायला शिकवले. तो त्यांना सगळे सांगे, ते एक सोडून. दर दिवाळीनंतर ताई एकदाच विचारत, "अभिमन्यू, पान तसंच ठेवू?" तो म्हणे, ठेवा. दीपमालेची गर्भपिशवी काढली तेव्हा ती वीस वर्षांची होती. ताई तिच्या उशाशी तीन दिवस बसल्या, आणि तेव्हाही त्याला काही बोलल्या नाहीत. गेल्या दिवाळीला त्याने मुदत मागितली होती: ऊसतोडीचा हंगाम संपला की सांगतो. हंगाम अजून संपला नव्हता. दीपमाला आजही माजलगावकडे उसाच्या फडात होती.

"तुजं एकच ऱ्हायलंय बघ," छबुबाई दारात येऊन म्हणाली. "कावून बसलायस भायेर, पावण्यावानी?"

"तुमच्याकडंच राहू द्या, मावशी."

"मी काय करू? मला कुटं वाचता येतंय." तिने पान त्याच्या मांडीवर ठेवले आणि वर एक पेन ठेवले, टोपणावरचा कागद अजून तसाच. "ताई दवाखान्यात निघाल्या तवा म्हनल्या, अभिमन्यूला पेन द्यायचं ऱ्हायलंय. मला वाटलं, तुला बक्षीस द्यायचं आसंल. म्हनून नवंच आनलं. चांगलं हाय का?"

"लई चांगलं आहे," तो म्हणाला.

पानावर एकच ओळ होती, फिकट झालेली. दीपमाला, वय अठरा, असे भाऊ सांगतो. त्याने सात वर्षे स्वतःला समजावले होते की खेड्यातल्या जन्मतारखा अंदाजाच्याच असतात. गुरुजी सगळ्यांचीच एक जून लिहितात, मग खरे वय कोणाला ठाऊक. पण ती जन्मली ती सकाळ त्याला ठाऊक होती. उसाच्या फडाकाठी पाचटाची खोपी होती. पाचटाच्या फटींतून ऊन आत आले, आईच्या लुगड्यावरून सरकले आणि कापडात गुंडाळलेल्या लालसर चेहऱ्यावर थांबले. ऊन तिच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्याने मध्ये तळहात धरला होता. तो सहा वर्षांचा होता. तिच्या लग्नाच्या सकाळी तो एकवीस वर्षांचा होता.

तो उठला, पायऱ्या चढून आत गेला आणि टेबलापाशी उभा राहिला. क्षमेचे पुष्कळ शब्द त्याने मनात जुळवून ठेवले होते, पण खुर्चीत ते वाचणारे कोणी नव्हते. पेन्सिलीची ओळ त्याने खोडली नाही. तिच्याखाली त्याने शाईने लिहिले:

दीपमाला तेव्हा पंधरा वर्षांची होती.