रिकाम्या पट्टीचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. पुण्याजवळच्या मांजरी गावाकडच्या एका वस्तीच्या शेतांचा. माझ्या पाठीला मांजरपाटाचे जाड कापड चिकटवलेले आहे, म्हणून अजून एकसंध आहे. मला काढणारा मोजणीदार साखळी घेऊन बांधाबांधाने उन्हात हिंडला होता. त्याने शेतांच्या हद्दी काळ्या शाईने काढल्या आणि मधून ओढ्याची निळी रेघ ओढली. तेव्हा साहेबांनी माझी वाहवा केली. मग मोजणी कचेरीच्या कपाटात टाकले आणि विसरले. दर मे महिन्यात, सगळे कोरडेठाक असताना, ती निळी रेघ ओली होत असे. मला भीती वाटे, पण सांगणार कोणाला?

कचेरीने जुने कागद मोडीत काढले तेव्हा कोथरूडला नगररचना शिकवणाऱ्या आनंद सरांनी मला उचलून नेले. त्यांची विद्यार्थिनी आम्रपाली संगणकावर नकाशे जुळवायला शिकत होती. वस्तीतल्या तीस मुलांच्या अंगणवाडीसाठी तिला जागा सुचवायची होती. तिने माझा फोटो घेतला आणि जुनी विहीर, शिवेचे दगड धरून मला उपग्रहाच्या चित्रावर बसवले. चित्रात ओढा कुठेच नव्हता. मग माझी विटलेली रेघ तिला घडीची खूण वाटली आणि तिने ती पुसली. मला राग आला, खोटे कशाला बोलू? संगणकाने नेमकी ओढ्याचीच पट्टी निवडली. सपाट, मोकळी, घरांना जवळ. सरांनी पाठ थोपटली. शिकलेल्या माणसांना मोकळी जागा दिसली की फार आनंद होतो.

मुलगी मात्र मनाने चोख होती. अहवाल देण्याआधी ती मला गुंडाळून जागा पाहायला गेली. भर दुपार, मे महिना. चहूकडे नवी घरे आणि मधे ही एवढीच पट्टी रिकामी. तिथे कुत्रेसुद्धा बसत नव्हते. तिने मला जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. शेळ्या राखणाऱ्या वेणूबाई लांबच थांबल्या. इथे कोणी का बांधले नाही, असे आम्रपालीने त्यांना विचारले.

“ओढ्याची जागा हाय ती, पोरी.”

“पण आजी, इथे ओढा कुठे आहे?”

“वरनं माती टाकली म्हणून पानी घर सोडतंय व्हय?”

आम्रपालीने मला उचलले. माझी रेघ भिजली होती. खाली भेगाळलेल्या मातीवरही तशीच बारीक ओली रेघ उमटली होती, आणि ती हळूहळू लांब होत होती. तिने मला घाईने गुंडाळले आणि ती पट्टीबाहेर आली.

परत आल्यावर तिने संगणकात ओढा पुन्हा काढला. अंगणवाडी वरच्या अंगाला, शाळेजवळ सरकली. सरांनी आपलीही चूक कबूल केली. तीस मुले सुटली म्हणून मला फार बरे वाटले.

मग तिने सरांना विचारले, “ओढा याच्यापुढे कुठे जातो?”

सरांनी रेघेवरून बोट फिरवले. माझ्या उजव्या कडेला रेघ संपते. पुढचा भाग माझ्या धाकट्या भावाच्या, म्हणजे शेजारच्या नकाशाच्या, अंगावर होता. कचेरीतून आम्ही सहा जण बाहेर पडलो. बाकीचे पाच रद्दीच्या टेम्पोत गेले आणि त्यांचा लगदा झाला. भावाच्या अंगावरच्या त्या जागेवर आता बारा मजली इमारती आहेत. खिडक्यांना पडदे लागले आहेत, गॅलरीत मुलांचे कपडे वाळत असतात.

मित्रांनो, एखादा मळका नकाशा सापडला तर त्याला जपा. न कळणारी रेघ पुसण्याआधी तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ओढ्याचे पाणी त्या इमारतींकडेच जात असणार. ते कोणाच्या घराखालून जाते, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.