नॉटपेड निमंत्रण

कसबा पेठेतल्या त्या लहानशा विठ्ठलमंदिरात माघातला कीर्तनसप्ताह चालत आलेला, आणि रंगराव त्याचे जुने श्रोते. बुवांनी पूर्वरंगात कितीही अवघड सिद्धान्त काढला तरी हे मान डोलावणार, आणि उत्तररंगात सुदामा द्वारकेला पोहोचायच्या आत यांचे डोळे भरून येणार. त्यांच्या पत्नी विमलाबाई म्हणत, "सुदामा दर वर्षी पोहोचतो हो. रडायचं काय त्यात?"

यंदा मात्र रडण्यासारखंच होतं. पेठेतली माणसं एकेक करून फ्लॅटमध्ये राहायला गेली होती. कुणी बिबवेवाडीला, कुणी मुलाच्या कंपनीजवळ म्हणून थेट वाकडला. मागच्या माघात तर बुवा जवळजवळ सतरंजीलाच कीर्तन सांगत होते. विश्वस्तांत नव्यानं आलेला अनिरुद्ध हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. पोरगा स्वभावानं गोड, पण बैठकीत त्यानं सरळ सांगून टाकलं की या वर्षी पहिल्या दिवशी मंडप भरला नाही, तर पुढच्या वर्षापासून सप्ताह बंद, एक दिवस भक्तिगीतांचा ऑर्केस्ट्रा. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कीर्तनात कधी डोलावल्या नव्हत्या, त्या इथं डोलावल्या.

निमंत्रण ई-मेलनं पाठवू, असंही तो म्हणाला. रंगराव म्हणाले, ज्यांना पाठवायचं ते अजून टीव्ही लावायलासुद्धा नातवाला हाक मारतात. शेवटी छापील पत्रिका पोस्टानं पाठवायच्या ठरल्या, आणि काम अर्थातच रंगरावांच्या गळ्यात पडलं.

पोस्टाच्या खिडकीवरच्या दीपमालाबाईंनी त्यांना नीट समजावलं. पाकिटावर 'बुक पोस्ट' लिहायचं, आत छापील कागदाशिवाय काही घालायचं नाही, आणि पाकीट चिकटवायचं नाही, झाकण नुसतं आत खोचायचं, म्हणजे उघडून बघता येतं. असं असेल तर कमी दराचं तिकीट चालतं. चिकटवलं की ते पत्र झालं. रंगरावांनी शब्द न् शब्द ऐकला. कीर्तनात तयार झालेला कान तो. पण ऐकलेलं आचरणात आणणं ही पुढची पायरी, आणि तिथं भलेभले श्रोते घसरतात.

घरी बसकर टाकून त्यांनी प्रत्येक पाकिटावर सुबक अक्षरात 'बुक पोस्ट' लिहिलं, खाली रेघ ओढली, कमी दराची तिकिटं लावली. मग त्यांच्या मनात आलं, विठोबाचं निमंत्रण असं कोरडं कसं पाठवायचं? म्हणून प्रत्येक पत्रिकेत बुक्क्याची छोटीशी पुडी घातली. पुड्या घसरून बाहेर यायला लागल्या, तेव्हा त्यांनी डिंकाची बाटली काढली आणि सगळी पाकिटं मोठ्या भक्तिभावानं बंद करून टाकली.

विमलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. "त्या बाईंनी चिकटवू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"तो नियम कागदाला. हा प्रसाद आहे."

"मग प्रसादाचं तिकीट लावा."

रंगरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गठ्ठा पेटीत टाकून आले.

पोस्टानं आपला धर्म पाळला. चिकटवलेलं ते पत्र, आणि पत्राला तिकीट अपुरं, म्हणजे नॉटपेड. पाकिटांवर शिक्के पडले आणि जेवढं कमी पडलं त्याच्या दुप्पट पैसे पोस्टमननं ज्याच्या त्याच्या दारात वसूल केले. पहिला फोन बिबवेवाडीहून मालनबाईंचा आला. पूर्वी त्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसायच्या. देवळानं आता प्रवेश फी सुरू केली का, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. मग फोन वाजतच राहिला. एका गृहस्थांनी तर पैसे भरून पाकीट फोडलं आणि बुक्का त्यांच्या नव्या सोफ्यावर सांडला.

रंगरावांचं जेवणावरून लक्ष उडालं. कीर्तनाला तारायला निघालो आणि आपल्याच हातांनी बुडवलं, हेच मनात घोळत राहिलं. अनिरुद्धच्या कानावर गेलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काका, ई-मेल नॉटपेड होत नाही."

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी रंगराव खिशात सुटे पैसे भरून मंडपात जाऊन बसले. कुणी आलंच तर परत द्यायला. सतरंज्या रिकाम्या होत्या. श्रीनिवासबुवांनी उगाचच दोनदा उपरणं सारखं केलं.

मग मालनबाई आल्या, हातात शिक्क्याचं पाकीट घेऊन. त्यांच्यामागे सोफ्याचे गृहस्थ. मग दारात रिक्षा लागल्या, स्कूटर लागल्या, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तेच पाकीट. फुकट आलेलं निमंत्रण पुणेकर फ्रिजवर ठेवतो आणि विसरतो. पदरचे पैसे भरून सोडवून घेतलेलं मात्र वसूल झाल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. सगळे जाब विचारायलाच आले होते. पण तेवढ्यात बुवांनी नमन सुरू केलं. नमनाच्या मध्ये भांडू नये, हे पेठेतल्यांच्या हाडामांसात मुरलेलं. तेव्हा भांडण पोटात ठेवून मंडळी बसली. हळूहळू मागे उभं राहायला जागा उरली नाही.

पूर्वरंग संपला. रंगराव बुक्क्याची वाटी घेऊन उठले. मालनबाईंनी कपाळ पुढे केलं आणि म्हणाल्या, "एवढंच लावायचं होतं, तर साधं बोलवायचं, रंगराव. दंड कशाला?"

"साधं बोलावलं असतं तर आला असतात?"

मालनबाईंनी क्षणभर विचार केला. खोटं बोलायला समोर विठोबा. "नसते आले," त्या म्हणाल्या.

उत्तररंगात बुवांनी सुदाम्याचीच कथा लावली. पोह्यांच्या पुरचुंडीशी आले आणि थांबले. म्हणाले, "बरं झालं, सुदामा पोहे स्वतः घेऊन गेला. बुक पोस्टानं पाठवले असते तर देवाला दुप्पट भरावे लागले असते." मंडप हसला. हसू ओसरल्यावर बुवा हळूच म्हणाले, "आणि देवानं ते भरलेही असते." पोटात धरून ठेवलेलं भांडण बहुधा तिथंच विरघळलं. रंगरावांचा सुदामा मात्र त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर द्वारकेला पोहोचला. त्यांना पुढचं काही दिसेना.

आरतीनंतर पैसे मागायला कुणी आलं नाही. मालनबाई तेवढ्या आल्या. दंडाचे पैसे त्यांनी नीट परत घेतले, आणि तिथल्या तिथं आरतीच्या ताटात टाकले.

अनिरुद्ध शेवटपर्यंत खांबाला टेकून उभा होता. गर्दी पांगल्यावर रंगरावांजवळ येऊन म्हणाला, "पुढच्या वर्षीही सप्ताहच, काका. आणि पत्रिकाही पोस्टानंच. फक्त..."

"हो, चिकटवायच्या नाहीत," रंगराव घाईघाईनं म्हणाले.

"चिकटवा हो," सतरंजीची घडी घालता घालता विमलाबाई म्हणाल्या. "नाहीतर येणार कोण?"