वकट, लेंड, मूंड

संप सुरू होऊन उन्हाळा आला, तरी गिरणीचा भोंगा वाजायचं चिन्ह नव्हतं. नायगावच्या बीडीडी चाळीतला दौलत घाडी साच्यावरचा, म्हणजे मागावरचा माणूस. घरात बसलं की बायको, सुभद्रा, डाळ निवडायला बसवायची. म्हणून तो आणि त्याच्यासारखेच रिकामे झालेले काही बाप्ये रोज सकाळी दोन चाळींच्या मधल्या जागेत विटीदांडू खेळायला लागले. बायका गॅलरीतून हसायच्या. दौलतने ते मनावर घेतलं नाही. खेळात तो खरंच पटाईत होता.

एके दिवशी त्याने टोलवलेली विटी पार नळाच्या पलीकडे गेली. दांडूने अंतर मोजत तो मोठ्याने म्हणत होता, "वकट, लेंड, मूंड, नाल..."

तेवढ्यात नरसय्या आडेप आला. हा करीमनगरकडचा विणकर, गिरणीत दौलतच्या शेजारच्याच साच्यावर असायचा. तो पोट धरून हसायलाच लागला.

"काय झालं रे दात काढायला?"

"अरे, तेलुगूत मोजतोयस तू! ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. आमचे आकडे चोरलेस की!"

दौलतला ते झोंबलं. चिडला की त्याच्या तोंडी मालवणी यायची. "माझो आजो कणकवलीत असोच मोजी! तेना तुझा तेलंगण सपनात तरी बघल्यान काय?"

शब्दाने शब्द वाढला. शेवटी सुभद्रा वरून ओरडली, "अहो, भांडता कशाला? आमच्या मीनाक्षीला विचारा!"

मीनाक्षी तिची मावसबहीण, माटुंग्याच्या एका कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायची. दोघे चालत निघाले, पण रुसव्यापायी एक या फुटपाथवरून, दुसरा त्या.

मीनाक्षीने दोघांकडून आकडे म्हणवून घेतले. "भावोजी, मराठी एका कुळातली, तेलुगू आणि कानडी दुसऱ्या कुळातल्या. आकडे माणूस सहसा दुसऱ्याकडून घेत नाही. पण हे पहिले चार तिकडूनच आले असावेत."

नरसय्याची छाती फुगली.

"पण तेलुगूतून की कानडीतून, आणि कधी, हे कुणीच छातीठोकपणे सांगणार नाही," तिने लगेच त्याला खाली आणलं.

"म्हणजे चोरलेच ना?" दौलतने पडेल आवाजात विचारलं.

"चोरून कसे येतील? खेळातले आकडे एकत्र खेळल्याशिवाय येतात होय?"

परतताना दोघे एकाच फुटपाथवरून चालले. दादरला चहा घेताना नरसय्या म्हणाला, "सकाळी तुला एक सांगायलाच आलो होतो. मी भिवंडीला चाललोय. मेव्हण्याचे पावरलूम आहेत. तू पण चल."

दौलतने कप खाली ठेवला. "लोक म्हणतील, संप सोडून पळाला."

"संप गिरणीत आहे, दौलत. पोट आपल्याबरोबर फिरतं."

दौलत चिडला नाही, पण हो पण म्हणाला नाही. घरी आल्यावर सुभद्राने पिठाचा रिकामा डबा त्याच्यापुढे उपडा करून दाखवला, तेव्हा त्याने कपड्यांची पिशवी भरली.

भिवंडीच्या शेडमध्ये सगळे तेलुगू. सुरुवातीला कुणी त्याच्याशी बोलेना. मग जेवणाच्या सुट्टीत नरसय्याने त्याला मध्ये उभं केलं, "मोज रे." दौलत लाजत नालपर्यंत आला आणि थांबला. "अयदू!" सगळी शेड एकदम ओरडली. मग आरू झालं, एडू झालं, आणि दौलतच्या उच्चारांना माणसं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या दिवसापासून त्याच्या डब्यात कुणी ना कुणी लोणचं वाढायला लागलं.

गिरणीने त्यांना परत बोलावलंच नाही. दौलतने बिऱ्हाड भिवंडीला हलवलं. सुभद्रा वर्षभर कुरकुरली. पुढे नरसय्याच्या बायकोशी, लक्ष्मीशी, तिचं इतकं जमलं की दोघींना संध्याकाळी हाका मारून घरात आणावं लागायचं.

एका मे महिन्यात दौलत नरसय्या आणि लक्ष्मीला आपल्या गावी, कणकवलीला घेऊन गेला. नरसय्याने फणसाचे गरे इतके हाणले की दुसरा अख्खा दिवस पडवीत पोटावर हात ठेवून लोळत पडला, आणि दौलत त्याला ओव्याचं पाणी पाजत राहिला.