फकिराकाकांचा घास

एका वर्षात तिसऱ्यांदा निमोनिया होऊन फकिराकाका दवाखान्यातून पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टर ६ मधल्या क्वार्टरात परतले. वय पासष्ट. वीस वर्षांपासून मनाच्या आजाराने ते भिंतीशी बोलत. बापाविना पोरक्या झालेल्या पुतण्याला, शालिकरामला, त्यांनीच वाढवले होते. आता तो कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता आणि ड्यूटीआधी काकांना भरवत होता. लोकांच्या नजरेआड मागच्या खोलीत, मनाच्या आजारावरच्या गोळीच्या गुंगीत, आडवे असतानाच!

काकांना ठसका लागला.

"गावाकडं कोणीतरी आठवण काढून राह्यलं," त्याची बायको रत्नमाला चुलीपाशी म्हणाली. शालिकरामने काकांच्या टाळूवर थापटले आणि पुढचा घास उचलला.

"थांब!" विचारपूस करायला आलेल्या नर्स सिंधुताई दारातूनच ओरडल्या. "कावून असा कोंबून राहिला?"

"ताई, येड्या माणसाले कोण बसवंल? ड्यूटीचा टाइम झाला."

"तुले पाडून मी भरवू? पाहू किती गिळतं! अरे, आठवण कोणी नाही काढत. घास श्वासाच्या नळीत जाऊन राहिला. म्हातारपणी गिळणं मंदावते, त्यात गोळीची गुंगी. तोच निमोनिया! चौथ्या खेपेले काका हाती नाही लागाचे."

शालिकरामने हातातला घास ताटात ठेवला. आपल्याच हाताने आपण हे केले!

"मंग गोळी बंद करू?"

"खबरदार! गोळीचं डॉक्टर पाहतीन. तू काकाले पुरतं जागं कर, ताठ बसव. मऊ, लहान घास दे. गिळल्याबिगर दुसरा नाही. मंग तोंड साफ कर, अन् अर्धा तास बसतं ठेव."

काकांना उठवून बसवले. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले. "त्यालेबी वाढ."

"वाढतो, काका. पहिले तुमी गिळा."

त्या दिवसापासून शालिकराम तासभर आधी उठू लागला.

रविवारी फोरमन भय्याजी चहाला आले, तेव्हा काका पुढच्या खोलीत ताठ बसून जेवत होते. "आत न्या ना! लोकं काय म्हणतीन?" रत्नमाला कुजबुजली.

"म्हणू दे," शालिकराम म्हणाला. "भय्याजी, बसा. काकाचा घास गिळून होऊ द्या, मंग चहा."

भय्याजींनी काकांचा घास उतरताना पाहिला. मग हळूच म्हणाले, "माह्या मायचं डोकं असंच फिरलं आहे. आमी तिले निजवूनच चारतो."

"आजपासून बसवा!" रत्नमालाच बोलून गेली.

बंधूंनो, भगिनींनो, मनाचा आजार लाजेपोटी लपवला की शरीराचा आजारही लपतो. असा म्हातारा जीव आपल्या घरी असेल, तर त्याला चारचौघांत आणा, ताठ बसवा आणि त्याचा घास उतरेपर्यंत थांबा!